सज्ज्यावरचा भाऊ

माझा भाऊ दामियाँ मला मेन्देस हवेलीच्या सज्ज्यावर टांगलेला दिसला, तेव्हा मी भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसले होते आणि मांडीवर धुरी दिलेल्या माशांची टोपली होती. बाजाराला आधीच उशीर झाला होता, म्हणून त्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडून ह्या जवळच्या वाटेने निघालो होतो.

"थांब!" मी मोटरसायकलवाल्याच्या पिवळ्या शर्टात गुद्दा घातला. "थांब म्हणते ना!"

"तांती, मरायचंय का? मागून ट्रक येतोय."

"येऊ दे. ट्रक काय माझ्यापेक्षा मोठा लागून गेलाय?"

थांबला. तांती, म्हणजे मावशी, थांब म्हणाली की आमच्या पोर्तो-नोवो गावात सगळे थांबतात. मी उतरले, टोपली त्याच्या हातात कोंबली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून वर बघितलं. सज्ज्यापासून थेट दाराच्या कमानीपर्यंत एक लांबलचक कापड सोडलेलं, आणि त्या कापडभर एकच चेहरा. काळपट लाकडी चेहरा. नाक झिजून सपाट झालेलं, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा, आणि डाव्या कानाचं टोक गायब. ते टोक आमच्या कुत्र्याने खाल्लं होतं, मी स्वतः त्याच्या तोंडातून उरलेलं ओढून काढलं होतं. मला कोण शिकवणार तो दामियाँ आहे की नाही ते! खाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'मी इथे आहे'. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत, प्रदर्शनाचा शेवटचा दिवस गुरुवार.

त्या दिवशी बुधवार होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का गेली ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच तडकते.

कोस्म आणि दामियाँ हे आमच्या घरचे जुळे. त्यांच्या पाठीवर झाले ती मी, डोसी. जुळ्यांच्या पाठचं मूल जुळ्यांनाही भारी पडतं असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि माझ्या बाबतीत कुणाला शंका घ्यायला मी जागा ठेवलेली नाही. दोघं सात वर्षांचे असताना दोघांनाही एकदमच ताप चढला. कोस्म राहिला. दामियाँ रानात लाकडं आणायला गेला. जुळ्यांबद्दल आम्ही असंच म्हणतो. दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि माझ्या घरात कुणी काढलाच तर माझ्या हातात पळी असते.

जो लाकडं आणायला जातो त्याची वीतभर उंचीची लाकडी मूर्ती करून घेतात. त्याला आंघोळ घालायची, तेल लावायचं, आधी त्याला भरवायचं. घरात राहिलेल्याला जे मिळेल ते त्यालाही मिळालं पाहिजे, तसूभरही कमी नाही. कोस्म आंब्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला, तेव्हा आईने दामियाँच्या हातालाही फडकं बांधलं होतं. कोस्मच्या लग्नात दामियाँ त्याच्या कोटाच्या खिशात होता, आणि नवरीने दोघांनाही केक भरवला. आई होती तोवर आईने केलं, आई गेल्यावर कोस्मने. कोस्म शिंपी. स्वतःला शर्ट शिवला की उरलेल्या तुकड्यातून दामियाँला शिवायचा, काजं-बटणांसकट. साठ वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही.

आणि अशा माझ्या भावाला कुणीतरी चादरीवर छापून उन्हात वाळत घातला होता.

मासे बाजारात गेलेच नाहीत. मी तशीच घरी परतले.

कोस्म अंगणात पपईच्या सावलीत बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुधासारखे पांढरे झालेले. माणूस आला की आधी पायांचा आवाज ऐकतो मग तोंड वळवतो. महिनाभर तो वर पाराकूला लेकीकडे राहून आदल्या रात्रीच आला होता. तळ्याकाठच्या दवाखान्यात बाहेरगावचे डोळ्यांचे डॉक्टर आले होते, शुक्रवारी त्याचं ऑपरेशन होतं आणि शनिवारी डॉक्टर मंडळी निघून जाणार होती. परत कधी येतील ते देव जाणे.

"फोफो," मी म्हटलं. थोरल्या भावाला आम्ही फोफो म्हणतो, चिडलो तरी. "दामियाँ कुठे आहे?"

"बालवाडीत ठेवलाय. जावईबापू पाद्री, त्यांच्या घरात मूर्ती चालत नाही. तुला तर माहितीय."

आता आमच्याकडे अशा बालवाड्या असतात. गावाला जाताना घरच्या लाकडी जुळ्याला एखाद्या म्हातारीकडे ठेवून जायचं. ती सगळ्यांना रांगेत बसवते, न्हाऊमाखू घालते, जेवायला वाढते. आमची ठरलेली म्हातारी होती.

"कुठल्या बालवाडीत? म्हातारी केकेली तर ईस्टरच्या आधीच वारली!"

"नवीन उघडलीय ना, मेन्देसांच्या मोठ्या घरात. मोटरसायकलवाला म्हणाला तिथे जुळे बसवलेत, म्हणून गेलो." कोस्म खुशीत सांगत होता. "चांगली जागा आहे गं. बाक आहेत, प्रत्येकापुढे ताटली आहे, वर पंखासुद्धा. मी त्याला बाकाच्या टोकाला बसवला. दारातल्या पोरीला सांगितलं, ह्याला तिखट चालत नाही. ती हसून बरं बाबा म्हणाली. उद्या जाऊ या आणायला."

मी पपईच्या बुंध्याला टेकले.

"अरे देवा! ती बालवाडी नाही रे फोफो. म्युझियम आहे ते, म्युझियम! आजकालच्या कलेचं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे लोक येतात, बघतात, माना डोलावतात आणि जातात."

"मग खायला कोण घालतं?"

त्याच्यापुढे अर्धी खाल्लेली थाळी होती. त्याने चाचपडत ती शोधली आणि हळूच बाजूला सारली.

"महिनाभर," तो म्हणाला. "महिनाभर मी तिथे तीन वेळा जेवत होतो डोसी."

"हे बघ, रडायचं नाही."

"रडत नाहीये. पण ऑपरेशन राहू दे. तो उपाशी, परक्या घरात, आणि मी डोळे उघडून काय बघू? त्याला काय सांगू, मला दिसायला लागलं म्हणून?"

"ऑपरेशन राहू दे म्हणे! डॉक्टर काय तुझे सासरे आहेत, पुन्हा बोलावतील म्हणून? उद्या दामियाँ घरी येतोय आणि परवा तू टेबलावर झोपतोयस. मी सांगतेय ना."

"आणि नाही दिला त्यांनी?"

"कोण नाही देणार? मला?" मी म्हटलं.

तो हसला नाही, आणि रात्रीही जेवला नाही. कोस्म मऊ माणूस आहे, पण ह्या एका गोष्टीत दगड. मी ओळखून होते. दामियाँच्या तोंडात घास गेल्याशिवाय ह्याच्या तोंडात जाणार नाही, आणि उपाशी म्हाताऱ्याला कुठलाही डॉक्टर टेबलावर घेणार नाही.

गुरुवारी सकाळी मी चवळी शिजवली, मीठ आणि पाम तेल घालून, मिरची न घालता. जुळ्यांना चवळी आवडते. डबा बांधला, दोन ताटल्या आणि एक चटई घेतली. ईस्टरला घेतलेलं निळं कापड नेसले, त्याच कापडाचा डोक्याला पटका बांधला. कोस्मला इस्त्रीचा शर्ट घातला. भांडायला जाताना माणसाने नीट कपडे करून जावं, समोरच्याला निम्मं तिथेच कळतं.

दारावर टाय लावलेला पहारेकरी होता. "तांती, डबा आत नेता येणार नाही."

"का? आत उंदीर आहेत?"

"म्युझियम आहे तांती."

"माहितीय. मी माझ्या भावाला भेटायला आलेय." बिचाऱ्याला वाटलं आतल्या कुणा नोकराचं बोलतेय. त्याने वाट दिली.

मेन्देसांचं घर लहानपणापासून बाहेरून बघितलेलं. पिवळ्या भिंती, खिडक्यांवर चुन्याच्या वेलबुट्ट्या, ब्राझीलहून परतलेल्या पणजोबांनी हौसेने बांधलेलं. आत मात्र कधी पाय टाकला नव्हता. खालच्या दालनात चित्रं टांगली होती. एका भिंतीवर पेट्रोलच्या फुटक्या डब्यांचे मुखवटे होते, त्यांतला एक हुबेहूब माझ्या थोरल्या नणंदेसारखा. मी उभी राहून मनसोक्त बघून घेतला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं त्याहून बरं होतं सगळं.

जिन्याजवळच्या चित्रापाशी कोस्म थबकला. "इथे काय आहे?"

"लाल."

"लाल काय?"

"लाल म्हणजे लाल. दाराएवढं कापड, आणि त्याला लाल रंग फासलाय. बाकी काही नाही."

तो तोंड वर करून बराच वेळ उभा राहिला. "मला दिसतोय," तो म्हणाला. "डोसी, मला दिसतोय गं हा. छान आहे."

ज्याने फासला त्याला मनातल्या मनात दोन शिव्या देणार होते, त्या परत घेतल्या.

वरच्या मजल्यावर ती खोली होती. कोस्मने सांगितलं तश्शीच. बुटके बाक, बाकांवर वीतभर लाकडी पोरं ओळीने, पुढ्यात ताटल्या, वर पंखा. डोळ्यांनी अधू असलेला माणूस सोडा, मीसुद्धा तिला बालवाडीच म्हटलं असतं. कोपऱ्यात स्टुलावर एक पोरगी राखणीला बसली होती, रोझिन नावाची, कालच कामाला लागलेली. कोस्म सरळ बाकांकडे गेला आणि एकेकाच्या तोंडावरून हात फिरवायला लागला.

"बाबा, हात लावायचा नाही!" रोझिन धडपडत उठली.

"हा नाही," कोस्म म्हणत होता. "हा नाही. हाही नाही. डोसी, ही सगळी कोरी लाकडं आहेत. ह्यांना कधी कुणी न्हाऊ घातलेलं नाही. ही कुणाचीच नाहीत." टोकापर्यंत गेला. टोकाची जागा रिकामी होती. तिथे त्याचा हात नुसताच बाकावरून फिरत राहिला.

मग मला दिसलं. खिडकीपाशी, उजेडात, कमरेइतक्या चौथऱ्यावर काचेची पेटी, आणि पेटीत दामियाँ. अंगात कोस्मने शिवलेला चौकड्यांचा शर्ट, वरचं बटण तुटलेलं. मी कोस्मचा हात धरून त्याला तिथे नेला आणि तळवा काचेवर ठेवला.

"इथे आहे. मधे काच आहे."

"काच कशाला?"

"तेच विचारणारेय आता," मी म्हटलं, आणि रोझिनकडे वळले. "जा. साहेबाला बोलाव तुझ्या."

साहेब आला. मस्ये आन्सेल्म क्पादोनू, म्युझियमचा संचालक. बारीकसा, घामेजलेला, बोलायला गोड. मी सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही, आणि शेवटी हात जोडल्यासारखे केले.

"मादाम, तुमच्या भावना मी समजतो. पण हे ह्या प्रदर्शनाचं काळीज आहे. वर्तमानपत्रांनी फक्त ह्याच्याबद्दल लिहिलं. हे मांडणाऱ्या कलावतीने त्या चेहऱ्यावर दुःख ज्या प्रकारे झिजवलंय..."

"दुःख कसलं डोंबलाचं! तो चेहरा माझ्या आईने झिजवलाय. साबणाने. रोज सकाळी."

"मादाम, गेल्याच महिन्यात एक गृहस्थ आले होते. म्हणाले, खालचं लाल चित्र म्हणजे त्यांच्या घराचं दार आहे. मी कुणाकुणाला काय काय काढून देऊ?"

"त्याच्या दाराला कान होता का? कुत्र्याने खाल्लेला?"

तो पेटीत वाकून बघायला लागला. माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसलेली माणसं जास्त अवघड असतात, त्यांच्यावर ओरडता येत नाही नीट. म्हणाला, वस्तू कलावतीची आहे, पेटीची किल्लीही तिच्याकडेच, ती संध्याकाळी चारला सामान बांधायला येणार आहे. आज बांधलं की उद्या ट्रकने सगळं डाकारला.

"डाकारला?" कोस्म पहिल्यांदाच मोठ्याने बोलला.

"त्यांच्याशी बोला मादाम. मी खुर्च्या पाठवतो."

"खुर्च्या नकोत," मी म्हटलं. "आम्ही आणलीय चटई."

आणि अंथरली. पेटीसमोर, खोलीच्या मधोमध. कोस्मला बसवलं, मी बसले, डबा उघडला. एक ताटली काचेपुढे चौथऱ्यावर ठेवली, एक कोस्मपुढे.

"तांती," रोझिन रडकुंडीला आली. "इथे जेवण चालत नाही हो."

"मग ह्या ताटल्या कशाला मांडल्यात बाकांसमोर?"

"ती कला आहे."

"मग ही पण कलाच समज आणि बस खाली. चवळी घे थोडी."

बसली बिचारी. शेवटचा दिवस, त्यामुळे बघे खूप होते. वर यायचे, बाकांकडे बघायचे, मग आमच्याकडे. पहिल्यांदा मला कळेना, हे लोक आवाज का बारीक करतात. मग एका परदेशी जोडप्याने आमच्याभोवती सावकाश फेरी मारली. बाई कोस्मच्या न खाल्लेल्या ताटलीकडे बघून रुमालाने डोळे टिपायला लागली. तिच्या नवऱ्याने भिंतीवर आमच्या नावाची पाटी शोधली.

"अहो, आम्ही खरे आहोत!" मी म्हटलं. ते आणखीच भारावले.

दुसरा दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. पण कोस्म काचेला खांदा टेकवून बसला होता, कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. ओठ हलत होते. मी कान दिला तर दामियाँशी बोलत होता. "मला वाटलं बालवाडी आहे रे. खरंच वाटलं. तुला टाकून नव्हतो गेलो." तेच तेच पुन्हा.

मला इतकं वाईट वाटलं की चटईचं टोक मुठीत आवळून धरलं. आणि मी ठरवलं, चार वाजता ती बाई आली आणि नाही म्हणाली, तर ती काच राहत नाही. माझा पटका चांगला जाड आहे, हाताला गुंडाळता येतो. पोलीस येतील तर येऊ देत, त्यांच्या बायका मासे माझ्याकडूनच घेतात.

चारच्या आधीच जिना करकरला. दारात एक काटकुळी पोरगी उभी राहिली. बारीक कापलेले केस, पँटवर रंगाचे डाग. ही एवढीशी कलावती! फिफामे अक्प्लोगान असं नाव मस्ये क्पादोनूने मागून सांगितलं. मी उठून कंबर कसली, तोंड उघडलं.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या दोन ताटल्यांकडे बघत होती. एक काचेपुढची, एक कोस्मपुढची. तिच्या हातात झाकण ठेवलेली छोटी वाटी होती. ती कोस्मसमोर गुडघे टेकून बसली, वडीलधाऱ्यापुढे बसतात तशी.

"बाबा," ती म्हणाली, "तिखट नाही ना घातलं?"

कोस्मने मान वर केली.

"मीपण नाही घातलेलं," तिने वाटीचं झाकण काढलं. आत चवळी होती. "ह्या रोझिनच्या आधी जी पोरगी होती तिने पहिल्याच दिवशी सांगितलं मला, एक बाबा आले होते, ह्याला तिखट चालत नाही म्हणाले. रोज दोन वेळा आणते. पेटी उघडते आणि भरवते. उपाशी नाही ठेवलेलं त्याला एकही दिवस."

कोस्मने तोंडावर हात घेतला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"पण तुम्ही तर म्हणालात..." मस्ये क्पादोनू पुढे आला.

"मी म्हणाले होते की हा विकायचा नाही, हा माझा नाही."

"मला वाटलं ते... कलावंत बोलतात तसं."

"मी आपली साधं बोलत होते."

माझ्यात राग भरून ठेवलेला होता, तो असा वाया कसा घालवणार? "बरं, भरवलंस. देव तुझं भलं करो. पण माझ्या भावाला काचेत कोंडायला आणि सज्ज्यावर टांगायला तुला कुणी सांगितलं? अख्खं गाव खालून जातं! त्याला काय जाहिरातीचा साबण समजलीस?"

तिने शांतपणे माझ्याकडे बघितलं. "काचेत ठेवला, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. आणि तांती, मी तुम्हाला दुसरं शोधणार कसं? एक म्हातारे बाबा आले, त्यांना नीट दिसत नाही, एवढंच माहीत. नाव नाही, गल्ली नाही. कुणाचं तरी पोर माझ्याकडे राहिलं होतं. मी सगळ्या आळ्यांत विचारलं. मग साहेबांना म्हटलं, फलकावर ह्याचाच चेहरा लावा, करता येईल तेवढा मोठा. म्हटलं, बाबांना नाही दिसला, तरी त्यांच्या घरच्या कुणाला तरी दिसेल. खाली काय लिहायचं विचारलं, तर म्हटलं, त्याला जे सांगायचंय ते लिहा."

मी इथे आहे.

माझ्यासाठी होतं ते. रस्त्यात उभी राहून मी ज्याच्यावर दातओठ खाल्ले, ती मला मारलेली हाक होती. माझी बोलती बंद झाली. पोर्तो-नोवोत कुणी विश्वास ठेवणार नाही, पण झाली. मी त्या काटकुळ्या पोरीला जवळ ओढलं आणि ढसाढसा रडले, तिच्या पँटचा रंग माझ्या निळ्या कापडाला लागला, तो अजून आहे.

तिने किल्ली काढून काच उघडली. कोस्मने दोन्ही हात पुढे केले. दामियाँचं झिजलेलं नाक, खाल्लेला कान, तुटलेलं बटण, सगळं त्याने बोटांनी तपासून घेतलं. मग त्याच्या ओठांना चवळी लावली. मग स्वतः घास घेतला. मग दोघांनी डबा संपवला, तिची वाटीसुद्धा. मस्ये क्पादोनू भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिला.

डोळे पुसले आणि मी भानावर आले.

"आता एक राहिलं," मी म्हटलं.

"काय मादाम?" संचालक दचकला.

"दामियाँ किती दिवस सज्ज्यावर होता?"

"तीन आठवडे झाले असतील."

"आणि कोस्म?"

सगळ्यात आधी फिफामेच्या लक्षात आलं, तिने ओठ दाबून हसू आवरलं.

"एकाला मिळालं ते दुसऱ्याला मिळालंच पाहिजे," मी म्हटलं. "तेवढाच मोठा चेहरा. तेवढेच दिवस. शेजारी."

"मादाम, प्रदर्शन आज संपतंय!"

"तुमचं संपतंय."

"पण लोक विचारतील, हे कोण म्हणून!"

"सांगा, भाऊ आहे. मस्ये क्पादोनू, तुमच्या आजीच्या घरात जुळे होते की नव्हते?"

"होते," तो म्हणाला.

"मग तिला विचारून बघा नाही म्हणता येतं का."

कोस्म पुटपुटत होता, डोसी, राहू दे, मला लाज वाटते. मी त्याला गप्प केलं. तिथेच खिडकीच्या उजेडात फिफामेने त्याचा फोटो काढला.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. नर्सबाई आमच्यातलीच होती, तिला काही सांगावं लागलं नाही. कोस्मच्या डोळ्यावर पट्टी बांधली, मग कात्रीने छोटी पट्टी कापून दामियाँच्याही डोळ्यावर चिकटवली, आणि दोघांनाही दम भरला की पाणी लागता कामा नये.

पट्टी निघाल्यावर मी लगेच काही बोलले नाही. कोस्म घरातल्या वस्तू बघत सुटला होता. मला म्हणाला, तू म्हातारी झालीस गं. मी म्हटलं, पट्टी परत बांधू का? दामियाँला तर तो मांडीवर घेऊन तासन्‌तास बघायचा. मग एका सकाळी मी म्हटलं, चल, बाजारात जायचंय, मासे धर. दोघं एकाच मोटरसायकलवर बसलो, दामियाँ कोस्मच्या खिशात.

मेन्देस हवेलीसमोर मी मोटरसायकलवाल्याच्या पाठीत गुद्दा घातला.

कोस्म उतरला. वर बघितलं. सज्ज्यावरून दोन कापडं सोडलेली होती, शेजारी शेजारी, एकाच मापाची. एकावर दामियाँ, एकावर तो स्वतः. सुरकुत्या, खाली ओघळलेले गाल, तेव्हाचे दोन पांढरे डोळे. पलीकडे सपाट नाक आणि डोळ्यांच्या जागी दोन रेघा. सात वर्षांचे होते तेव्हा दोघं शेवटचे असे एकमेकांशेजारी उभे होते.

कोस्मने खिशातून दामियाँला काढलं आणि त्यालाही दिसेल असं वर धरलं. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"डोसी," कोस्म म्हणाला, त्याची नजर वरून हलत नव्हती. "आम्ही अजून सारखेच दिसतो ना गं?"

मी दोन्हींकडे नीट बघितलं. "हो फोफो," मी म्हटलं. "अगदी सारखे."